निवांत मुक्काम

६ डिसेंबर १९५४, चिंचवड

सकाळच्या गाडीने पुणे सोडले. चिंचवड स्टेशनाबाहेर तळवड्याचा भैरू ठरल्याप्रमाणे बैलगाडी घेऊन उभा होता. गाडीला छप्पर घातले आहे, आत गवत पसरून वर सतरंजी. ट्रंक, राहुटी, भांड्यांचे पोते, दोन कंदील, माझे नकाशे. यापेक्षा माणसाला प्रवासात जास्त काही लागत नाही.

आयुष्य मोजणी खात्यात गेले. हवेली, खेड, मावळ या तालुक्यांतला एकेक ओढा मी पायाखाली घातला आहे. लोक महाबळेश्वराला जाऊन एकमेकांच्या पायांवर पाय देतात आणि त्याला विश्रांती म्हणतात. पुण्यापासून दोन तासांवर अशा जागा आहेत की जिथे दिवसभर माणूस दिसत नाही. प्रकाशक मारुतरावांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग लिहा की! सावकाश जाणाऱ्यांसाठी, गर्दी टाळणाऱ्यांसाठी. छोटेखानी पुस्तक काढू." म्हणून ही फेरी.

सौ.ला बरोबर आणले आहे. आषाढात आमची शशी गेली. बाळंतपणात, सोलापूरला, सासरी. पहिलटकरणीला माहेरी आणायची रीत असते हे मला कोणी शिकवायला नको. पण मी नुकताच निवृत्त झालो होतो, घर दोन खोल्यांचे, त्यात माझे कागद पसरलेले, आणि तिकडे इस्पितळ घरापासून हाकेच्या अंतरावर. विचार करूनच ठरवले होते. असो. तेव्हापासून सौ.ची झोप गेली आहे, खाणे नावापुरते. डॉक्टर हवापालट करा म्हणाले. माझ्या मते तिला हवी आहे शांतता. इतकी वर्षे ती मी एकट्याने उपभोगली. आता तिला तिचा वाटा द्यायचा.

पवनेच्या काठी एका ओवरीत उतरलो आहोत. संध्याकाळी मी तिला पुढचे सगळे मुक्काम नकाशावर दाखवले.

"तिथे कोण असतं?" तिने विचारले.

"कोणी नाही. तीच तर मजा आहे."

ती नकाशाकडे बराच वेळ पाहत राहिली. तिला गोडी वाटू लागली असावी.

८ डिसेंबर, तळवडे

गावाबाहेर इंद्रायणीच्या वळणावर जुनी जांभळाची झाडे आहेत, त्यांच्याखाली राहुटी ठोकली. पाणी इतके संथ की वाहते आहे हे पान पडल्यावरच कळते. दिवसभर टिपणे काढली. "सायंकाळी पलीकडच्या तीरावर बगळे उतरतात, त्याखेरीज येथे रहदारी नाही." हे वाक्य मला स्वतःलाच आवडले.

जागेत एकच खोट निघाली. सकाळी गावातल्या बायका धुण्याला तिथेच येतात आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असतो. सौ. पाणी आणायला म्हणून गेली ती तासभर परतली नाही. पाहतो तर गुडघाभर पाण्यात उभी राहून कोणाचे तरी लुगडे पिळू लागते आहे.

"ओळखीच्या आहेत का या?" मी विचारले.

"आता झाल्या," ती म्हणाली.

दुपारून भैरूला सांगून राहुटी फर्लांगभर वर हलवली. आता आवाज येत नाही. पाणी मात्र लांब पडते, सौ.ला दोन खेपा जास्त कराव्या लागतात. चालणे तिच्या प्रकृतीला चांगलेच.

रात्री जेवताना म्हणाली, "आळंदी इथून जवळ आहे ना? जाऊ या का एक दिवस?"

"आळंदीला काय आहे? धक्काबुक्की, फुलवाले आणि केळ्यांची सालं. बसगाड्या भरभरून माणसं येतात."

"म्हणूनच म्हणत होते," ती म्हणाली आणि ताटे उचलली.

तिच्या बोलण्याचा अर्थ हल्ली लागत नाही.

११ डिसेंबर, चाकणच्या पुढे

आज शनिवार, चाकणचा बाजार. मी भैरूला बाहेरून जायला बजावले होते, पण बैलाचा नाल निघाला आणि गावात थांबावे लागले. कांद्याचे ढीग, मिरचीचा ठसका, कोंबड्या, भांडणे. मी किल्ल्याच्या पडक्या तटाकडे गेलो. तिथे कोणी फिरकत नाही. पुस्तकात घेण्याजोगी जागा आहे.

परत आलो तर गाडीत सौ. नाही. भैरू म्हणाला, "बाईसाब बाजारात गेल्यात. मी म्हनलं येऊ का संगं, तर न्हाई म्हनल्या."

सगळा बाजार पालथा घातला. शेवटी सापडली ती कांदेवाल्यांच्या रांगेत, एका बाईच्या शेजारी गोणपाटावर बसलेली. हातात चहाची बशी. ती बाई आपल्या सासूची नक्कल करून दाखवत होती आणि सौ. डोळ्यांना पदर लावून हसत होती. मनगटात नव्या बांगड्या भरलेल्या. शशी गेल्यापासून तिने बांगड्यांना हात लावला नव्हता.

"किती शोधलं तुला," मी म्हणालो. "चल. ऊन चढलंय."

तिने बशी खाली ठेवली. ती बाई म्हणाली, "बसू द्या की जरा त्यांना, दादा. काय गाडी चुकनार हाय का तुमची?"

अशा लोकांशी बोलण्यात अर्थ नसतो.

वाटेत भैरू म्हणतो, "बाईसाबांनी भजी खाल्ली आज. चांगली बचकभर. मी बगितलं."

बाजारची भजी! आजारी पडली म्हणजे कळेल.

१४ डिसेंबर, भामा नदीच्या काठी

शेवटी मनासारखी जागा मिळाली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये पडके देऊळ. सर्वांत जवळची वस्ती डोंगराच्या पलीकडे. भैरू बैलांना चारायला नेतो आणि संध्याकाळीच परततो. मी डोंगर चढून गुहा पाहून आलो. वरून पाहिले तर खाली सौ. देवळाच्या पायरीवर बसलेली, मुंगीएवढी दिसत होती. संध्याकाळी उतरलो तेव्हाही त्याच पायरीवर होती. इतकी स्थिर मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. औषध लागू पडते आहे.

१६ डिसेंबर, तेथेच

थंडी वाढली आहे. सौ. आता जवळजवळ बोलत नाही. आज ती बैलांशी बोलताना दिसली. त्यांना सांगत होती की शशीला लहानपणी शिंगांची भीती वाटायची. मी आल्यावर गप्प झाली.

चुलीशी बसली असता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते. ओल्या लाकडांचा धूर फार होतो. मी विचारले, "जागा आवडली ना?"

ती म्हणाली, "इथं माणूस कितीही ओरडलं तरी कोणाला ऐकू जाणार नाही."

एकांताचे इतके नेमके वर्णन मला साधले नव्हते. हे वाक्य जसेच्या तसे पुस्तकात घालावे म्हणून लगेच टिपून ठेवले.

२० डिसेंबर, पिंपरी

दुर्दैव. माणला जायला निघालो होतो, तो पिंपरीजवळ गाडीचा आख मोडला. सुताराला आणखी कामे आहेत, निदान दोन दिवस लागतील म्हणतो.

पिंपरी मला ओळखू आली नाही. मी मोजणी केली तेव्हा इथे बाजरी होती आणि टिटव्या होत्या. आता सरकारी औषधांच्या कारखान्याचे बांधकाम चालू आहे. विटांचे डोंगर, चुन्याच्या भट्ट्या, मालमोटारींची धूळ, आणि रस्त्याच्या कडेने मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या. कुठकुठली माणसे आली आहेत. साताऱ्याची, बीडची, कोकणातली. एकजण हळू बोलेल तर शपथ.

उतरायला जागा नाही म्हणून एका खानावळीच्या पडवीत सामान टाकले आहे. खानावळ म्हणजे चार बांबू आणि तट्ट्या. चालवणारी सारजाबाई बार्शीकडची, आडव्या बांध्याची, आवाज असा की भिंतीपलीकडचा गवंडी दचकावा. नवरा मुकादम आहे, मुलगा सेंट्रिंगच्या कामावर, आणि सून गवरा. गवराचे दिवस भरत आले आहेत, तरी भाकऱ्या थापते.

सौ.ने तिच्याकडे पाहिले, मग सारजाबाईंना विचारले, "कितवं?"

"पयलंच हाय. आईबाप न्हाईत तिला, म्हनून हितंच."

"माझी मुलगी सोलापूरला दिली होती," सौ. म्हणाली. "तुमच्यासारखंच बोलायला लागली होती. 'काय की', 'व्हय की' करायची."

"होती?" सारजाबाईंनी विचारले.

सौ.ने मान हलवली. सारजाबाईंनी गवराच्या पुढची काटवट उचलून सौ.च्या पुढे ठेवला. "थापा दोन भाकरी. पोरीची पाठ मोडली."

पाहुण्या बाईला असे काम सांगायचे! मी बोलणार होतो, तो सौ. पदर खोचून बसलीसुद्धा.

२२ डिसेंबर, पिंपरी

दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. पहाटेपासून भोंगा, शिव्या, हातोडे. सौ. मात्र त्या गोंगाटात मेल्यासारखी झोपते. सकाळी उठवायला गेलो तर सारजाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, झोपू द्या दुर्गाबाईंना."

क्षणभर कळले नाही कोणाबद्दल बोलतात ते. तिचे नाव मी कित्येक वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

आज दुपारी आख बसला. भैरूने बैल जुंपले. सौ. डाळ निवडत बसली होती.

"चल," मी म्हणालो, "अंधार व्हायच्या आत माणला पोचू."

"तुम्ही जा. मी राहते."

"कुठे?"

"इथं. गवराचं होईपर्यंत."

मला हसू आले. "ती तुझी कोण?"

"कोणी नाही." तिने डाळीतला खडा बाजूला काढला. "जी माझी होती तिच्याजवळ मी नव्हते."

"तिच्याजवळ डॉक्टर होते. एवढं मोठं इस्पितळ होतं."

"हो. सगळं होतं. मी नव्हते."

"हे तू तेव्हाच बोलली असतीस तर..."

"बोलले होते. शशीला घेऊन येऊ का म्हणून विचारलं होतं, दोनदा. तुम्ही नकाशे पसरून बसला होता. म्हणालात, घरात रडारड नको, कामाला शांतता हवी."

मला असे काही बोलल्याचे आठवत नाही. तसे मी तिला सांगितलेही. ती म्हणाली, "नसेल आठवत," आणि सूप पाखडू लागली.

सगळी खानावळ ऐकत होती. सुनेने घास हातात धरला होता. मी म्हणालो, "चार लोकांत शोभा करू नकोस. ब्राह्मणाघरची बाई मजुरांना भाकऱ्या थापते म्हणून उद्या पेठेत कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तुम्हाला तर जिथं कोणी तोंड पाहत नाही तिथंच राहायचं असतं ना?" ती म्हणाली.

तिच्या तोंडी असे बोलणे मी कधी ऐकले नव्हते. दोन दिवसांची संगत. मी गाडीत जाऊन बसलो. वाटले, गाडी हलल्यावर धावत येईल. भैरूला मी मुद्दाम सावकाश हाकायला सांगितले होते.

२७ डिसेंबर, माण

गाव छान आहे. टेकडीचा आडोसा, बांधावर बोरी, मारुतीचे स्वच्छ देऊळ, लोक सौम्य आणि कमी बोलणारे. पुस्तकातला सर्वांत उत्तम मुक्काम हाच ठरावा.

टिपणे काही निघाली नाहीत. "येथे गर्दी नाही" एवढे लिहून थांबलो. पुढे काय लिहायचे ते सुचेना.

भैरूची भाकरी जाड आणि कच्ची असते. तोच म्हणाला, "बाईसाब असत्या म्हंजी..." मग माझ्याकडे पाहून थांबला.

२ जानेवारी १९५५, माण

भैरू काम सोडतो म्हणतो. पिंपरीला विटा वाहायला गाड्या लागतात.

"साहेब, राग मानू नका. पर हितं बसून करायचं काय? बैलंबी कटाळली."

"बैल कंटाळत नसतात," मी म्हणालो.

"आमी तर कटाळलो."

मला चिंचवड स्टेशनावर सोडून तो गेला. जाताना म्हणाला, "बाईसाबांना काय निरोप?" मी म्हणालो, निरोप काही नाही. गरज असेल ती निरोप पाठवील.

१६ जानेवारी, पुणे

संक्रांत झाली. वाड्यातल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायला आल्या होत्या. सौ. बहिणीकडे नाशिकला गेली आहे असे सांगितले. समोरच्या कुलकर्णीणबाई म्हणाल्या, "बरं केलंत पाठवलंत ते. शशीच्या पाठीमागे इथं दिवसभर भिंतींशी बोलायच्या. तुम्ही लिहीत असायचात, तुम्हाला कुठून ऐकू येणार?"

लोकांना दुसऱ्याच्या घरात काय चालते याची फार माहिती असते.

लिखाणाला आता कसलाही व्यत्यय नाही. सकाळी बसतो. दुपारी पाहतो तर पान तसेच असते.

६ फेब्रुवारी, पुणे

सकाळी पिंपरीला जाऊन आलो. बसने गेलो, उभ्याने. कोणाची तरी टोपली सगळा वेळ माझ्या गुडघ्यांवर होती.

गवरा बाळंत झाली आहे. मुलगी. दोघी सुखरूप. सौ.नेच सगळे केले म्हणे, सुईण पोचायच्या आधी. सारजाबाई दारातूनच ओरडून सांगू लागल्या, "आडवं आलं होतं पोर! दुर्गाबाईंनी धीर सोडला न्हाई. पोरीचा हात धरून बसल्या, माझ्याच हातापायाला कापरं!"

सौ. मूल मांडीवर घेऊन तेल लावत होती. अंगाने भरली आहे. या गोंगाटावर बोलून बोलून आवाज जाडा झालाय. मला पाहून तिने पाट सरकवला. वागण्यात राग नव्हता. राग असता तर समजूत घालता आली असती.

"होईपर्यंत म्हणाली होतीस," मी म्हणालो.

"झालं ना. आता पलीकडच्या झोपडीतल्या पोरीचं आहे, चैत्रात. तिच्या मागून त्या गवंड्याच्या बायकोचं."

"म्हणजे तू येणार कधी?"

तिने मुलीला पालथे केले, पाठीवर हात फिरवला. "यायचं कशाला, ते सांगा."

मी विचार केला. येताना बसमध्ये बरेच काही जुळवले होते, त्यातले काही आठवेना. "घर आहे," मी म्हणालो.

"हो, आहे," ती म्हणाली. "शांत आहे ना सगळं?"

तिने हे टोचून विचारले नाही. एखाद्या नातेवाइकाच्या तब्येतीची चौकशी करावी तसे विचारले. मी म्हणालो, आहे. मग तिने मूल माझ्यापुढे धरले, "घेता का?" माझ्या कोटाला तेल लागले असते. तोवर गवराने हात पुढे केले आणि तिने मूल तिच्याकडे दिले.

८ मार्च, पुणे

मारुतरावांकडे हस्तलिखित दिले होते. आज बोलावले. "भाषा सुंदर आहे," म्हणाले, "पण एक अडचण आहे. कुठल्याही मुक्कामावर जेवायचं कुठे ते लिहिलेलं नाही. सगळीकडे नुसतं 'भोजन उत्तम झाले'. कोणाकडे झालं? वाचकाला कळायला नको?"

मी चाळून पाहिले. चिंचवड, भोजन उत्तम. तळवडे, भोजन उत्तम. भामेच्या काठी, जिथे मैल मैल चूल पेटत नाही, तिथेही भोजन उत्तम.

"बरोबर स्वयंपाकी होता का?" मारुतरावांनी विचारले.

मी म्हणालो, सोय होती.

"मग ती सोय वाचकाने कुठून आणायची?" ते हसून म्हणाले. "आणि खरं सांगू का? हे सगळं वाचून तिथं जावंसं वाटत नाही हो. तुम्ही एक वाक्य घातलंय पाहा, 'येथे माणूस कितीही ओरडला तरी कोणाला ऐकू जाणार नाही.' अंगावर काटा येतो. हे सुचलं कसं तुम्हाला?"

मी हस्तलिखित उचलून परत आणले. त्यांच्यासारख्या बाजारू माणसाला एकांत कळायचा नाही.

१३ मार्च, पुणे

आज रविवार. घरातले पीठ संपले होते, आणि संपले नसते तरी काय. पिंपरीच्या बसमध्ये बसलो.

खानावळ वाढली आहे. नवे पत्रे, दोन ओळी बसतील एवढी जागा, बाहेर माणसे खोळंबलेली. भैरू विटांची गाडी सोडून तिथेच जेवायला बसला होता. मला पाहून त्याने सरकून जागा केली. मी कोट काढून बसलो. उजवीकडे सिमेंटने पांढरा झालेला एक पोरगेला गवंडी, डावीकडे भैरू. इतका चिकटून मी कोणाच्या शेजारी केव्हा बसलो होतो सांगता येत नाही.

सौ. वाढत होती. एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात पळी. ओळीतून येता येता कोणाला काही विचारत होती, कोणाला दरडावत होती. एकाला म्हणाली, "ताप असताना कामावर गेलास? आईला कळवू का तुझ्या?" तो लाजून हसला. माझ्यापुढे आली तेव्हा पळी क्षणभर थांबली. मग तिने वाढले, सगळ्यांना वाढले तेवढेच.

शेजारच्या गवंड्याने माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिले आणि तिला विचारले, "कोण हो हे, दुर्गाबाई? कारखान्याचे साहेब का?"

भैरूने मान खाली घातली.

"पाहुणे आहेत," ती म्हणाली. "जेवून जातील."

आणि पुढच्या ताटाकडे वळली.

आमटी जाळ होती. मी दोनदा मागून घेतली. मला बोलायचे होते, पण काय बोलायचे ते त्या कोलाहलात जुळेना, आणि जुळले असते तरी ओरडूनच सांगावे लागले असते. तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा ती दुसऱ्या ओळीच्या टोकाला पोचली होती. पाठमोरी. कोणाशी तरी हसत होती.

सारजाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "झालं का, साहेब? उठा आता. मागं मानसं थांबल्यात."

मी ताट उचलले आणि उठलो. मी पुरता उभा राहायच्या आत माझ्या जागेवर दुसरा कोणी बसलाही होता.